दर सीझनला सांध्यात इंजेक्शन लागणारा जंपिंगचा घोडा घ्यावा का?

शाल्मली_प
नमस्कार मंडळी. इथे घोडेवाले किती आहेत ठाऊक नाही, पण मागे माथेरानच्या धाग्यावर दोन-तीन जाणकार भेटले होते, म्हणून धीर करून विचारतेय.

लेक १५ वर्षांची. पुण्याजवळच्या एका क्लबात लहानपणापासून रायडिंग करते. क्लबच्या घोड्यांवर एक मीटर उंचीच्या उड्यांचे कोर्स व्यवस्थित होतात. आता कोच म्हणतात, पुढे जायचं तर स्वतःचा घोडा हवा. त्यांनीच एक सुचवलाय. १२ वर्षांचा थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात), रंगाने कुमैत म्हणजे काळी आयाळ असलेला तांबूस, खस्सी केलेला. पाच वर्षांचा होईपर्यंत रेसला धावला, मग जंपिंगला आला आणि १.२० मीटरपर्यंत खेळलाय. स्वभाव इतका गुणी की लेक चुकीच्या अंतरावर नेऊन सोडते आणि तो सांभाळून घेतो. किंमत साडेसहा लाख सांगताहेत.

मालकांनी स्वतःहून सांगितलं की मागच्या दोन्ही पायांच्या हॉकमध्ये (पायाच्या मध्यावरचा, मागे टोक आलेला सांधा) सीझनच्या आधी इंजेक्शन द्यावं लागतं. ‘मेंटेनन्स आहे, बाकी काही नाही.’ वर्षाला साधारण चाळीस हजार.

आमच्या घरी यावरून दोन तट पडलेत. हे म्हणतात, दुखणं असलेलं जनावर मुद्दाम कोण विकत घेतं? कोच म्हणतात, या वयाचा आणि या पातळीचा घोडा इंजेक्शनाशिवाय दाखवा. मला दोघांचंही पटतं.

अजून_एक
साडेसहा लाखांत बरी गाडी येते. तिलाही वर्षातून एकदाच सर्व्हिसिंग. ;)

डच_भाऊ
मी नेदरलँड्समध्ये असतो, बायको ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ) करते, त्यामुळे घोडे बघण्यात बरेच शनिवार-रविवार गेलेत. स्पष्ट सांगतो, मी घेतला नसता. इथे विकणारा ‘थोडासा मेंटेनन्स’ म्हणाला की आम्ही चहा पिऊन निघतो. कारण पुढे विकायला गेलात की तुमचा गिऱ्हाईकही हाच प्रश्न विचारणार, आणि तेव्हा घोडा १६ वर्षांचा असेल.

एक मात्र खरं, की नुसत्या एक्स-रेवर जाऊ नका. जर्मनीत पूर्वी एक्स-रे बघून घोड्याला वर्ग द्यायचे, एक ते चार. लोक फक्त वर्गाचा आकडा बघून उत्तम चालणारे घोडे नाकारायला लागले. २०१८ मध्ये ते वर्गच काढून टाकले. आता डॉक्टर काय दिसतं ते वर्णन करून लिहितात आणि कुठे जोखीम आहे ते नमूद करतात. निर्णय घेणाऱ्याचा.

खूरखबर
मी पशुवैद्य आहे, घोड्यांचंच काम करतो. जनावर न बघता मत देणार नाही, पण काही गोष्टी सांगतो.

हॉक हा एक सांधा नाही, एकावर एक रचलेल्या चार सांध्यांची चळत आहे. पाय दुमडण्याची जवळजवळ सगळी हालचाल वरच्या मोठ्या सांध्यात होते. खालचे सांधे चपट्या हाडांमधले, जेमतेम हलणारे. जंपिंगच्या, ड्रेसाजच्या आणि रेसमधून आलेल्या घोड्यांत झीज बहुधा या खालच्या दोघांत सापडते, कारण उडीसाठी रेटा देताना दाब आणि पीळ तिथे बसतो. या झिजेची एक गंमत आहे. कधी कधी ती हाडं हळूहळू एकमेकांना जुळून जातात आणि जुळली की दुखायचं थांबतं. मुळात न हलणारा सांधा बंद झाला म्हणून घोड्याचं फारसं अडत नाही. अशा घोड्यांनी पुढे कित्येक वर्षं काम केल्याची उदाहरणं कुठल्याही मोठ्या तबेल्यात मिळतील.

हेच दुखणं वरच्या हॉकमध्ये, मागच्या गुडघ्यात, फेटलॉकमध्ये (खुराच्या वरच्या घोट्यात) किंवा खुराच्या आतल्या कॉफिन सांध्यात असेल तर गोष्ट वेगळी. ते सांधे प्रत्येक पावलाला हलतात. तिथलं कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचं, नुकसान भरून येत नाही. म्हणून ‘इंजेक्शन लागतं’ या वाक्याला तसा काही अर्थ नाही. कोणत्या सांध्यात, कोणतं औषध, किती दिवसांनी आणि कशावरून ठरवलं, हे चारही कळले पाहिजेत.

औषधांबद्दल. साधारणपणे स्टेरॉइड आणि हायल्युरोनिक अ‍ॅसिड एकत्र देतात. स्टेरॉइडमध्ये दोन नावं कानावर येतील, ट्रायमसिनोलोन आणि मिथाइलप्रेडनिसोलोन. दुसरं स्वस्त, जास्त काळ टिकणारं, पण वारंवार दिलं तर कूर्चेला हानी करतं. न हलणाऱ्या सांध्यांत अजूनही वापरतात, हलत्या सांध्यात मी वापरत नाही. ट्रायमसिनोलोन त्या मानाने सौम्य. पण घोडा लठ्ठ असेल, मानेवर चरबीचा घट्टा असेल, पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतली सूज) होऊन गेला असेल, तर कोणतंही स्टेरॉइड देताना हात आखडता घ्यावा लागतो.

जुन्या नोंदी मागा. मालकाच्या परवानगीने त्यांच्या डॉक्टरांकडून थेट. आणि तपासणीला डॉक्टर वेगळा घ्या. जो त्या घोड्यावर उपचार करतो त्यालाच प्रमाणपत्र मागणं त्याच्यावरही अन्याय आहे.

सारंगखेडेकर
डॉक्टरसाहेबांनी बरोबर सांगितलं. मी तापीकाठचा, आमच्याकडे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथं गिऱ्हाईक आधी भोवरे बघतं. कपाळावर कुठं, छातीवर कुठं, शुभ का अशुभ. मग दात. पाय सगळ्यात शेवटी! लाखाचा सौदा भोवऱ्यावरून मोडतो आणि लंगडा घोडा शुभ भोवऱ्यावर खपतो, डोळ्यानं बघितलंय.

ताई, एक करा. न कळवता सकाळी लवकर जा. घोडा रात्रभर ठाणावर उभा होता, कुणी फिरवला नाही, तेव्हा त्याला बाहेर काढायला लावा. पहिली वीस पावलं बघा. सांधा धरलेला असेल तर तिथंच दिसतं. दहा मिनिटं फिरवल्यावर अंग मोकळं होतं आणि मग तुम्ही काय मीपण फसतो. तुम्ही पोचायच्या आधीच घोडा रिंगणात गरम झालेला दिसला तर समजून जा.

खूरखबर
@सारंगखेडेकर, +१. याला जोडून, कडक जमिनीवर लहान वर्तुळात दुडक्या चालीने दोन्ही बाजूंना फिरवून बघा. वाळूत बरंच काही लपतं. आणि तपासणीच्या दिवशीच रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. ब्रिटनमध्ये खरेदीपूर्व तपासणीत हा नमुना काही महिने राखून ठेवायची पद्धत आहे. आपल्याकडे आपण मागितला तरच होतं. वेदनाशामक देऊन घोडा दाखवला होता का, याचा नंतर पुरावा तोच.

पाय दुमडून धरून मग पळवायची चाचणी करतील, तिचा फार बाऊ करू नका. १२ वर्षांच्या कुठल्याही घोड्याचा पाय तसा ताणला तर तो दोन पावलं कुरकुरणारच. डावा-उजवा फरक किती आणि कुरकुर किती पावलं टिकते, ते महत्त्वाचं.

कलम१७
वकिली करतो, घोड्यातलं शून्य कळतं. पण हा धागा वाचून राहवलं नाही, कारण आपल्या भारतीय करार कायद्यात, १८७२ च्या, या प्रश्नावर चक्क घोड्याचीच उदाहरणं दिली आहेत.

कलम १७, कपट. स्पष्टीकरणात म्हटलंय की नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. पहिलं उदाहरण: अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. हे कपट नाही. दुसरं: ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर मात्र सांगणं अ चं कर्तव्य ठरतं. तिसरं तुमच्या कामाचं. ब म्हणतो, ‘तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन.’ अ गप्प बसतो. इथे गप्प बसणं बोलण्याइतकंच.

तेव्हा ताई, मालकांना लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपही चालेल. ‘हॉकच्या इंजेक्शनांखेरीज दुसऱ्या कोणत्याही सांध्यावर, शिरेवर वा खुरावर उपचार झालेला नाही असं मी समजते. तसं नसेल तर कळवावं.’ उत्तर आलं तरी उपयोग, नाही आलं तरी उपयोग.

आणि कलम १९ चा अपवाद विसरू नका. साधारण काळजी घेऊन जे तुम्हाला शोधता आलं असतं, त्याबद्दल समोरचा गप्प राहिला म्हणून नंतर करार मोडता येत नाही. म्हणजे तपासणी टाळून कोर्टात जाऊ म्हणाल तर कठीण आहे. प्राणी ही कायद्याच्या लेखी जंगम मालमत्ता, त्यामुळे १९३० चा माल विक्री कायदाही लागतो. घोडा ‘अमुक उंचीच्या जंपिंगसाठी’ घेतोय हे विक्रेत्याला लेखी कळवून ठेवा.

अजून_एक
१८७२ पासून लोक लंगडे घोडे खपवताहेत आणि सरकारला माहीत होतं! वाचनखूण साठवली.

निंबोणी
मी दुसऱ्या बाजूची. दोन वर्षांपूर्वी आमचा घोडा विकला, मुलगा इंजिनिअरिंगला गेला म्हणून. त्यालाही हॉकचं इंजेक्शन लागायचं आणि आम्ही पहिल्याच फोनवर सांगायचो. निम्मे लोक तिथेच फोन ठेवायचे. मग त्यातलेच काही ‘काहीच प्रॉब्लेम नाही’ असं सांगणाऱ्याकडून घोडा घेताना दिसले. त्या घोड्याला काय काय दिलं जातं ते आमच्या तबेल्यात पोरासोरांना ठाऊक होतं.

त्यामुळे डच_भाऊंशी असहमत. रेस धावून आलेला, नंतर सात वर्षं जंपिंग केलेला थरोब्रेड ‘क्लीन’ असेल असं म्हणणं म्हणजे त्याची तपासणीच झालेली नाही. आपल्याकडे बहुसंख्य लोकांना परवडतात ते रेसमधून निघालेलेच घोडे. परदेशी वॉर्मब्लड (खास खेळासाठी पैदास केलेले घोडे) आणणं कितीजणांच्या आवाक्यात आहे?

हां, रेसच्या घोड्याचा एक फायदा. त्याची धावण्याची नोंद उपलब्ध असते. कोणत्या तारखेला धावला, कितवा आला. मध्येच आठ-दहा महिन्यांचं खिंडार दिसलं तर तेव्हा काय झालं होतं ते विचारा.

आणि एक नाजूक प्रश्न. तुमचे कोच या सौद्यात कमिशन घेताहेत का, आणि कुणाकडून? आमच्या वेळी मधल्या माणसाने दोन्हीकडून घेतलं आणि आम्हाला ते नंतर कळलं. कमिशन घेण्यात गैर काही नाही, त्यांचा वेळ जातो. फक्त ते उघड असावं.

शाल्मली_प
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कोचना विचारलं. थोडे अवघडले, पण सांगितलं: मालकाकडून घेणार आहेत. ठीक आहे.

कलम१७, तुमचा मजकूर जसाच्या तसा पाठवला. एक दिवस उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन. म्हणाल्या, ‘अहो, गेल्या ऑक्टोबरात उजव्या पुढच्या खुरातही एकदा दिलं होतं, ते माझ्या ध्यानातून गेलं.’ आणि डॉक्टरांना सांगून सगळी बिलं पाठवायला लावली. बाई लबाड वाटल्या नाहीत. लपवायचं असतं तर बिलं कशाला पाठवतील?

बिलांवरून असं दिसतं. हॉकची पहिली दोन इंजेक्शनं ११ महिन्यांच्या अंतराने. पुढचं ७ महिन्यांनी. त्यानंतरचं ५ महिन्यांनी. औषध दर वेळी ट्रायमसिनोलोन आणि हायल्युरोनिक अ‍ॅसिड. खुराचं एकदाच.

@सारंगखेडेकर, सकाळी गेलो होतो. पहिली काही पावलं मागून आखडलेला होता, पाच मिनिटांत सुटला. पुढून मला काही दिसलं नाही.

खूरखबर
आता खरी माहिती आली. ११, ७, ५. ही उतरण मला इंजेक्शनापेक्षा जास्त खटकते. दर वर्षी एकदा, वर्षानुवर्षं तेच अंतर, असा घोडा मी निर्धास्तपणे घ्या म्हणेन. अंतर आक्रसत चाललंय याचा अर्थ तीनपैकी काहीतरी. झीज वाढतेय, किंवा कामाचा भार वाढलाय, किंवा दुखतंय भलतीकडेच आणि औषध हॉकमध्ये जातंय. तिसरी शक्यता लोक विसरतात. शिरा (मज्जातंतू) बधिर करून, नेमकं कुठे बधिर केल्यावर लंगड थांबते ते बघून दिलं होतं का? का ‘मागून आखडलाय, मारा हॉकमध्ये’? बिलावर त्याची नोंद असायला हवी.

पुढच्या खुराचं तर नक्की विचारा. घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर असतं आणि उडी मारून उतरताना सगळा आघात तिथेच. मागून दुखणारा घोडा भार पुढे ढकलतो, तेव्हा दोन्ही गोष्टी एकमेकांशी निगडित असू शकतील. कॉफिन सांध्यातलं औषध शेजारच्या नेव्हिक्युलर भागापर्यंतही (टाचेकडच्या छोट्या हाडापर्यंत) पोचतं, म्हणून ‘एकदा दिलं आणि बरा झाला’ यावरून दुखणं सांध्याचंच होतं असं सिद्ध होत नाही. पुढच्या दोन्ही खुरांचे नाल काढून एक्स-रे काढा. या एका तपासणीत कंजुषी नको.

आणखी एक, लेकीच्या स्पर्धांसाठी. ही दोन्ही स्टेरॉइडं एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) यादीत नियंत्रित औषधं आहेत. स्पर्धेच्या वेळी अंगात सापडता कामा नयेत. किती दिवसांनी अंगातून जातात त्याची कोष्टकं एफईआय प्रसिद्ध करते, आणि मिथाइलप्रेडनिसोलोनला ट्रायमसिनोलोनपेक्षा खूपच जास्त दिवस लागतात. ब्यूट म्हणजे फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामकही स्पर्धेत चालत नाही. नुसतं हायल्युरोनिक अ‍ॅसिड चालतं. ५ महिन्यांनी इंजेक्शन लागणारा घोडा असेल तर आपल्याकडच्या हिवाळी सीझनमध्ये तारखा जुळवताना दमछाक होते.

इंजेक्शननंतर पहिल्या दोन-चार दिवसांत सांधा गरम झाला, सुजला, घोडा पायच टेकेना, तर सकाळची वाट बघायची नाही. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर घोडा हातचा जातो.

गिधाड_घार
घोड्यातलं कळत नाही, पक्ष्यांतलं कळतं. मेंटेनन्सच्या नावाखाली मेडिकलमधून कुणी वेदनाशामक आणून देत असेल तर बघून घ्या. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवर बंदी आली, नंतर निमेसुलाइडवरही. मेलोक्झिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

अजून_एक
घोड्यावरून गिधाडांवर. धाग्याचा काश्मीर व्हायला वेळ लागत नाही.

खूरखबर
अवांतर मुळीच नाही. तबेल्यांत अजून माणसांचं डायक्लोफेनॅक वापरणारे महाभाग आहेत. घोड्याच्या पोटालाही ते झेपत नाही.

रिसालदार
नमस्कार. फौजेत उभा जन्म घोड्यांत गेला, आता साताऱ्याला असतो. नातवाने हा धागा दाखवला.

डॉक्टरसाहेब औषधाचं बोलले, मी बाकीचं बोलतो. सांध्याचा घोडा इंजेक्शनावर कमी आणि जमिनीवर, नालबंदावर आणि मोतद्दारावर (घोड्याची देखभाल करणाऱ्यावर) जास्त टिकतो. आमच्या वेळी याला हड्डा म्हणायचे. इंजेक्शनं नव्हती. तरी हड्ड्याचे घोडे कामात असायचे, कारण त्यांना रोज चालवलं जायचं. सकाळ-संध्याकाळ लांबवर, सरळ रेषेत, पायी चाल. आता शहरातल्या तबेल्यांत घोडा दिवसातले बावीस तास बंद खणात उभा आणि मग पाऊण तास गोल गोल. निरोगी सांधाही धरेल. बेटी, तुझ्या क्लबात मोकळं सोडायला पॅडॉक आहे का ते आधी बघ. नसेल तर हा घोडा घेऊ नकोस. हे माझं शेवटचं मत समज.

मैदान कसं आहे? वाळूखाली मुरूम किती वर आलाय? काठी खुपसून बघ. पावसाळ्यात काय करतात? चिखल झाला म्हणून चार दिवस बांधून ठेवतात आणि पाचव्या दिवशी उड्या मारतात, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं.

रेसमधून आलेल्या घोड्यांचा खुराचा पुढचा भाग लांब आणि टाच खाली गेलेली असते. तसाच ठेवला तर मागचा-पुढचा दोन्ही सांध्यांवर ताण. चांगला नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी हवा. ‘नाल अजून घट्ट आहे, राहू दे’ असं नको.

आणि मोतद्दाराला ताकीद दे, मलम-तेलं तुला विचारल्याशिवाय लावायची नाहीत. २००८ च्या ऑलिंपिकला, घोड्यांच्या स्पर्धा हाँगकाँगला होत्या, कॅप्सेसिन सापडलं म्हणून घोडे बाद झाले आणि नॉर्वेचं सांघिक कांस्य गेलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा. सांधे शेकायच्या मलमांत असतो.

आता उडीचं. रोज उडी मारायची गरज नाही. घोड्याला उडी येते. शिकायचंय तुझ्या लेकीला, आणि तिने जमिनीवर टाकलेल्या बांबूंवरून अंतर मोजायला शिकावं. आठवड्यातून एकदा उडी, तीही थोडकी. मुलीला हे मान्य नसेल तर चूक घोड्याच्या सांध्यात नाही.

शाल्मली_प
रिसालदार काका, नमस्कार. पॅडॉक आहे, पण एकच, पाळीपाळीने. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. शेवटच्या ओळीवर रुसलीये, पण बांबू टाकायला सुरुवात केलीये.

डच_भाऊ
रिसालदार साहेबांना सलाम. सांध्यांवरून आठवलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये जंपिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलेल्या निक स्केल्टनच्या खुब्याचाच सांधा बदललेला होता. वय ५८. घोडा बिग स्टारही दुखापतीतून परतलेला. आणि आपला घोडेस्वार फवाद मिर्झा टोकियोत ज्या सेन्यॉर मेडिकॉटवर अंतिम फेरीत गेला, २३ वा आला, तो घोडा तेव्हा १५ वर्षांचा होता. तेव्हा वयाबद्दलचं माझं बोलणं थोडं मागे घेतो. पुढे विकताना त्रास होईल हे मात्र मागे घेत नाही.

निंबोणी
‘पुढे विकताना’ वरच मला बोलायचं होतं. सगळे साडेसहा लाख आणि चाळीस हजार यावर बोलताहेत. हे दोन आकडे या व्यवहारातले सगळ्यात लहान आकडे आहेत.

शाल्मली, तुमच्याकडे ठेवायचा खर्च काय आहे? आम्ही महिन्याला २८,००० देत होतो, खाणं आणि मोतद्दार धरून. वर्षाला ३,३६,०००. त्यापुढे इंजेक्शन म्हणजे फोडणीतली मोहरी.

खरा हिशेब पुढचा. घोडा १२ चा. नीट सांभाळला तर १६ पर्यंत खेळेल. लेक तोवर कॉलेजात. थरोब्रेड पंचविशीपर्यंत सहज जगतो. म्हणजे नऊ वर्षं तो काही न करता खाणार. गावाकडे शेतावर नुसता चरायला ठेवला तरी आमच्या माहितीतला दर महिन्याला १२,००० आहे. वर्षाला १,४४,०००, नऊ वर्षांचे जवळजवळ तेरा लाख. खरेदीच्या दुप्पट. आणि हे पैसे त्या वेळी द्यायचेत जेव्हा घरात कुणी रायडिंग करत नसेल.

हे न धरता घेतला तर पुढे काय होतं? ‘चांगल्या घरी दिला’ असं आपण सांगतो. तो घेणारा दोन वर्षांनी अजून खालच्या उड्यांसाठी दुसऱ्याला देतो, तो रायडिंग शिकवणाऱ्याला, तो वरातवाल्याला. डीजेच्या भिंतीपुढे डांबरावर नाचणारे घोडे बघितलेत ना? त्यातल्या काहींचे पाय नीट बघा, जुन्या पट्ट्यांच्या खुणा असतात. आम्ही आमचा विकताना लिहून घेतलं की पुढे द्यायचा झाला तर आधी आम्हाला विचारायचं. दर महिन्याला फोटो येतो. त्यासाठी किंमत बरीच खाली आणावी लागली, आणली.

माझ्या मते मालकीणबाईंना हेच विचारा. पैसे महत्त्वाचे की घोडा कुठे जातो ते? उत्तरावरून किंमत ठरेल.

कलम१७
पुढे देताना आधी विचारायची ही अट करारात टाकता येते. पण तिसऱ्या माणसाने माहीत नसताना, प्रामाणिकपणे विकत घेतला तर त्याच्याकडून परत मिळवणं अवघड. भरपाईची ठरावीक रक्कम लिहून ठेवलीत तर अटीला थोडे दात येतात.

विम्याबद्दल कुणीच बोललं नाही. काढायचा असेल तर आधीपासून असलेल्या दुखण्यांचा अपवाद कसा लिहिलाय ते सही करण्याआधी वाचा. या घोड्याच्या बाबतीत चार पायांपैकी तीन त्या अपवादात जातील.

शाल्मली_प
अपडेट देते.

वेगळ्या डॉक्टरांकडून तपासणी झाली. रक्ताचा नमुना काढून ठेवलाय. हॉकचे खालचे सांधे: झीज दोन्हीकडे, डावीकडे हाडं बऱ्यापैकी जुळत आलीत, उजवीकडे अजून नाही. वरचा सांधा स्वच्छ. पुढच्या उजव्या खुराचा एक्स-रे डॉक्टरांच्या मते वयाच्या मानाने वाईट नाही, पण कडक जमिनीवर उजवीकडच्या वर्तुळात पुढून किंचित कुरकुर आहे. शिरा बधिर करून बघायचं तर मालकांची संमती लागेल म्हणाले. मालकीणबाईंनी दिली. टाचेकडचा भाग बधिर केल्यावर कुरकुर गेली.

म्हणजे खुराचं दुखणं खरं आहे आणि आत्ताही आहे.

ह्यांनी निंबोणींचा हिशेब वाचला आणि दुसऱ्या दिवशी एक्सेल शीट करून आणली. घरात पहिल्यांदा घोड्यावर न भांडता बोलणं झालं. सध्याच्या किमतीला नाही म्हणायचं ठरवलं. मग मालकीणबाईंशी सविस्तर बोललो. त्यांनाही पैशांपेक्षा जागेची काळजी होती, त्यांची मुलगी परदेशी गेलीये आणि घोडा काम न करता उभा आहे. शेवटी असं ठरतंय: मार्चअखेरपर्यंत लीज. खाणं, नाल, मोतद्दार आमचं. सांध्यांवरचा उपचार निम्मा-निम्मा आणि दोघांच्या संमतीशिवाय इंजेक्शन नाही. उड्या मीटरच्या वर नाहीत. सीझन संपल्यावर पुन्हा तपासणी, आणि मगच खरेदीचं बोलणं. निवृत्तीनंतर त्यांच्या नाशिककडच्या शेतावर परत घेण्याची त्यांची तयारी आहे, खाण्याचा खर्च वाटून.

खूरखबर
याहून बरा सौदा मी सुचवू शकलो नसतो. डावा हॉक जुळत आलाय ही चांगली बातमी. उजव्या खुरासाठी आधी नालबंद आणि डॉक्टर यांना एकत्र उभं करा, तोच एक्स-रे समोर ठेवून. टाचेला आधार देणारा नाल लावून आठ आठवडे बघा. सुई त्यानंतर.

कलम१७
लीजच्या कागदात तीन गोष्टी: लीजच्या काळात घोडा मेला किंवा कायमचा निकामी झाला तर नुकसान कुणाचं, तातडीच्या प्रसंगी मालकीणबाई फोनवर नसतील तर निर्णय कोण घेणार, आणि आजच्या तपासणीचा अहवाल परिशिष्ट म्हणून दोघींच्या सहीने.

डच_भाऊ
मालकीणबाईंचं कौतुक वाटतं. आमच्याकडे परत घ्यायला तयार असलेला विक्रेता मला तरी भेटलेला नाही.

सारंगखेडेकर
ताई, भोवरा कुठं आहे ते सांगितलंच नाही तुम्ही :)

शाल्मली_प
कपाळावर, डोळ्यांच्या जरा वर. शुभ की अशुभ ते सांगू नका, सासूबाई हा धागा वाचताहेत.

कामाचा प्रश्न: त्याचं वजन थोडं जास्त आहे, डॉक्टर म्हणाले ओट्स कमी करून चारा वाढवा. तळेगाव-चाकण भागात लसूणघास बाराही महिने कुणाकडे मिळतो?

रिसालदार
वजन उतरवायचं तर लसूणघास नको, तोही जड. कोरडं गवत दे, जाळीत बांधून, म्हणजे हळू खाईल. लसूणघास ओंजळभर, वरून चवीपुरता.

निंबोणी
गवतवाल्याचा नंबर तुमच्या विचारपुशीत टाकते. सोमवार-गुरुवार गाडी तुमच्या बाजूला येते, दोन दिवस आधी सांगावं लागतं.